मदत हवी आहे: कार्ड मशीनवर चलन वेटरनेच निवडलं, तक्रार कशी टिकेल?

परदेशात जेवणाचं बिल क्रेडिट कार्डाने भरलं. मशीनवर 'स्थानिक चलन की तुमच्या देशाचं चलन' असा प्रश्न येतो, तो मला दिसायच्या आतच वेटरने बटण दाबलं आणि मशीन पिनसाठी पुढे केलं. पावती हातात आल्यावर कळलं की पैसे आपल्या चलनात कापलेत. त्या दिवशीच्या दराशी ताडून पाहिलं तर जवळपास ७ टक्के जास्त.

तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करा म्हटलं, तर 'मशीनमध्ये होत नाही' हे उत्तर. (आधीच्या दुकानात तसंच मशीन होतं, तिथे झालं होतं!) परत आल्यावर बँकेकडे लेखी तक्रार केली. त्यांचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे संमती दिलीत. शिवाय पावतीच्या तळाशी 'ग्राहकाला चलनाची निवड दिली होती' असं छापलेलंच आहे, आणि घोडं तिथेच अडलंय.

व्यवहाराला तीन आठवडे झालेत. मूळ पावती आहे, तिच्यावर दोन्ही रकमा आणि लावलेला दर आहे. कार्ड व्हिसाचं. ग्राहकाला निवड देणं दुकानदारावर बंधनकारक आहे, हे माहीत आहे; व्हिसाच्या नियमांत चुकीच्या चलनासाठी १२.३ हा वेगळा तक्रार-क्रमांकही आहे. पुढच्या वेळी मशीन आधी हातात घ्यायचं, तेही कळलं.

प्रश्न एवढाच: पिन टाकलेला आणि पावतीवर ते वाक्य छापलेलं असतानाही कुणाची अशी तक्रार मान्य झाली आहे का? झाली असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलंत आणि पुरावा म्हणून काय जोडलंत?