डी-लाइनची पोरं: पारखायची की घडवायची?

कॉलेज स्टेशनचा नाना

मास्टर्ससाठी टेक्सास ए अँड एमला आलो तेव्हापासून शनिवारचा हा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा रोग जडलाय. तर ऐका.

१० सप्टेंबर २०२२. आमचं स्टेडियम काइल फील्ड, लाखभर माणसं, डोकं तापवणारं ऊन. समोर अ‍ॅपलाचियन स्टेट, म्हणजे १५ लाख डॉलर मोजून घरी बोलावलेला पाहुणा. १७-१४ ने हरलो. हार एक वेळ पचवली असती. पण ६० मिनिटांच्या खेळात ४० मिनिटांहून जास्त वेळ चेंडू त्यांच्याकडे! आमच्या डी-लाइनला (बचावाची पहिली रांग) त्यांना मैदानाबाहेर काढताच येईना. शेजारचा म्हातारा टोपी काढून नुसता डोकं पुसत होता.

आणि त्याच वर्षी आमची भरती, म्हणजे शाळांतली पोरं संघात घेणं, देशात पहिली. वॉल्टर नोलन, शेमार स्टुअर्ट, एलटी ओव्हर्टन, अँथनी लुकस... डी-लाइनची अशी पोरं एका वर्षात कुणी गोळा केली नव्हती म्हणे. हंगाम संपला ५-७ वर, म्हणजे पाच जिंकले, सात हरले. पुढच्या वर्षी कोचला घरी बसवलं, तेही साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं कबूल करून.

(नवख्यांसाठी: डी-लाइन म्हणजे चेंडू मागे जाताक्षणी समोरच्या १४० किलोच्या भिंतीवर धडकणारे तीन-चार जण. क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला आडवं पाडलं की सॅक. शाळेतल्या पोरांना भरतीच्या वेबसाइटवाले दोन ते पाच तारे देतात, त्यावर सगळा बाजार चालतो.)

माझं म्हणणं सरळ आहे. सतरा वर्षांच्या लाइनमनला तारे देणं म्हणजे दहावीच्या टक्क्यांवरून सर्जन नेमणं. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) पळतो कसा ते शाळेतही दिसतं. लाइनमनचं तसं नाही. शाळेत समोर ८५ किलोचं पोर असतं, त्याला हा नुसता ढकलतो. हात कुठे लावायचा, कंबर किती खाली ठेवायची, हे त्याला कधी शिकावंच लागलेलं नसतं. अ‍ॅरन डोनाल्डला तीनच तारे होते, उंची जेमतेम सहा फूट एक. पिट्सबर्गमध्ये घडला, २०१३ साली ११ सॅक. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड होता, म्हणजे बचावात नव्हे, चढाईत. तिथून बाहेर पडला, पिझ्झे पोचवले, विस्कॉन्सिनला शिष्यवृत्तीशिवाय उभा राहिला आणि २०११ ला ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं क्रमानं निवडतात तो) अकरावा गेला.

भरतीवर उधळता ते पैसे लाइन कोचला द्या आणि तीन वर्षं त्याच्या कामात लुडबुड करू नका.

अटलांटाकर

नाना, दुःख समजू शकतो, पण तर्क लंगडा आहे.

डोनाल्डच्या त्या ११ सॅकच्या वर्षी पिट्सबर्गचा हंगाम किती होता? ७-६. एक हिरा घडवला म्हणून लाइन होत नाही. आता विजेते बघा. क्लेमसन २०१८: फेरल, विल्किन्स, लॉरेन्स, तिघेही पहिल्या फेरीत, चौथा, तेरावा, सतरावा. अंतिम सामन्यात अलाबामाला ४४-१६ धुतलं. आमचं जॉर्जिया २०२१: ट्रॅवॉन वॉकर थेट पहिला, जॉर्डन डेव्हिस तेरावा, डेवॉन्टे वायट अठ्ठाविसावा. आणि त्यांच्याच रांगेतला जेलन कार्टर पुढच्या वर्षी नववा. ओहायो स्टेट २०२४: सॉयर आणि टुइमोलोआउ, दोघेही पाच तारेवाले.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डोनाल्ड आणि वॉट ही नावं गेली दहा वर्षं जपमाळेसारखी ओढताय सगळे.

आणि एक राहिलं. अ‍ॅपलाचियनच्या सामन्यात तुमच्या त्या पोरांचे कॉलेजातले पहिलेच दिवस होते. अठरा वर्षांच्या पोरांच्या माथी पराभव मारू नका.

कॉलेज स्टेशनचा नाना

पोरांच्या माथी नाही मारत, त्यांना विकत घेऊन 'झालं आमचं काम' म्हणणाऱ्यांच्या मारतोय.

आणि डेव्हिसचं नाव तुम्ही काढलंत म्हणून बरं झालं. शार्लटचा पोरगा, तीन तारे. वायट तर कॅन्ससच्या एका दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून फिरून आला. चारातले दोन असे! तुमच्याच अंगणातलं उदाहरण.

अटलांटाकर

डेव्हिस सहा फूट सहा इंच. १५५ किलो. आणि ४० यार्डांची धाव ४.७८ सेकंदांत. यातलं कोचनं काय शिकवलं? तारे देणारे चुकले असतील, पण जॉर्जियाचा माणूस शाळेत गेला आणि त्यानं ते अंग ओळखलं. मी पारख म्हणतो ती हीच. वेबसाइटवरचे तारे माझ्याही लेखी शेंगदाणे आहेत.

गप्प गणपा

मग दोघं भांडताय कशाला?

ओहायोची फिजिओ

अटलांटाकर, 'कोचनं काय शिकवलं' यावर थोडं बोलते, कारण माझा दिवस त्यातच जातो. एका छोट्या कॉलेजात काम करते (नाव नको).

आमच्याकडे मोठी पोरं येत नाहीत. येतात ती उंच, काटकुळी, १०५ किलोची. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे चारपेक्षा जास्त सामने खेळवायचे नाहीत, म्हणजे खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं. त्या वर्षात दिवसाला पाच वेळा खाणं. रात्री दहाला पीनट बटरची दोन सँडविचेस आणि दूध, आणि खाल्ल्याचा फोटो आहारतज्ज्ञाला पाठवायचा. एकाला तर खाऊन खाऊन रडू आलेलं मी पाहिलंय. आपल्याला वाटतं, खाणं ही काय शिक्षा आहे?

पण वजन हा सोपा भाग. एक पोरगा होता, टाचा जमिनीला टेकवून खाली बसताच यायचं नाही. डावा घोटा वाकायचाच नाही. आपल्याकडे शेतावर वाढलेलं कुठलंही पोर उकिडवं बसेल, याला जमेना. मग होतं काय, की चेंडू उचलला रे उचलला की हा गुडघ्यात वाकण्याऐवजी कमरेत वाकतो, डोकं खाली जातं, ढुंगण वर. समोरचा त्याच्या छातीखाली हात घालतो आणि उचलून बाजूला ठेवतो. कोच ओरडतो, 'खाली राहा, खाली राहा!' अरे, पण घोटा वाकत नाही तर राहील कसा? कोचला वाटायचं पोरगा आळशी आहे.

बुटक्या लोखंडी पिंजऱ्याखालून पळवतात ना पोरांना, उठलं की डोकं आपटतं, त्यात हा रोज आपटायचा. दोन वर्षं आम्ही त्या घोट्यावर काम केलं. हे कुठल्या ताऱ्यात धरणार? आणि हे न करता किती 'वाया गेलेली' पोरं घरी गेली असतील?

लाल माती

अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, कोल्हापूरचा माणूस. पण ताईंचं वाचून राहवलं नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी डाव शिकवतच नाहीत. माती उकरायला लावतात, जोर-बैठका काढायला लावतात. महिनाभर. पोरगं कंटाळून पळतंय की टिकतंय ते बघतात. म्हणजे पारख आणि घडवणं एकाच वेळी चालू!

माझा प्रश्न: हे लोक सरळ पैलवानच का उचलत नाहीत? वाकणं, धरणं, ढकलणं सगळं आयतं.

अटलांटाकर

केलाय प्रयोग. गेबल स्टिव्हसन, टोकियो ऑलिंपिकचं १२५ किलोचं सुवर्ण, अंतिम लढतीत शेवटच्या क्षणी जॉर्जियाच्या पैलवानाला हरवलेलं (देश जॉर्जिया, आमचं राज्य नव्हे!). २०२४ च्या मे महिन्यात बफेलो बिल्स या व्यावसायिक संघानं घेतला, डिफेन्सिव्ह लाइनवर. फुटबॉल आयुष्यात खेळलेला नव्हता. ऑगस्टमध्ये सोडून दिला.

कॉलेज स्टेशनचा नाना

हा मुद्दा तर माझा झाला! अंग आहे, चपळाई आहे, ताकद आहे. नव्हती ती घडण. कुस्तीत समोर एक असतो. इथे एक समोरून ढकलतोय, दुसरा बगलेतून येतोय, चेंडू कुठे गेला ते दिसत नाही आणि सगळं दोन-तीन सेकंदांत. तीन महिन्यांत कसं येणार? पी हळद आणि हो गोरी?

बाकावरचा राखीव

तुम्ही सगळे २०१५ सालात बसून बोलताय. २०२१ पासून पोराला एक वर्ष न बसता कॉलेज बदलता येतं. त्याच जुलैपासून नावावर पैसे कमावता येतात. २०२५-२६ पासून तर प्रत्येक कॉलेज स्वतःच आपल्या खेळाडूंना पैसे वाटू शकतं, त्या पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळून दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. फिजिओताईंनी दोन वर्षं घोटा सैल करायचा आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी श्रीमंत कॉलेज येऊन आयत्या बिळावर नागोबा. शहाणा कोच घडवेल कशाला? तेवीस वर्षांचा तयार माल घेईल.

इंडियानाचं बघा. कोच सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून आला तो मिकाइल कमारासारखी तिथली पोरं सोबत घेऊन. जानेवारी २०२६ मध्ये देशाचं विजेतेपद! इंडियाना!! बास्केटबॉलवाले.

ओहायोची फिजिओ

पण कमाराला जेम्स मॅडिसनमध्ये घडवणारी माणसंही तीच की. कोच स्वतःचीच घडवलेली पोरं घेऊन गेला, याला नागोबा नाही म्हणता येणार. बाकी मुद्दा दुखरा आहे, नाही म्हणत नाही.

अटलांटाकर

नाना, मघापासून एक गोष्ट सांगायची राहिली. तुमची ती २०२२ ची 'वाया गेलेली' पोरं. २०२५ च्या ड्राफ्टला नोलन सोळावा आणि स्टुअर्ट सतरावा. लागोपाठ! स्टुअर्टच्या तीन वर्षांत मिळून सॅक किती? साडेचार. तरी सतरावा. का? अंग. पारखणाऱ्यांचं चुकलं कुठे?

कॉलेज स्टेशनचा नाना

तीन वर्षांत साडेचार! अहो, हे तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय. एवढं अंग तीन वर्षं आमच्या हातात होतं आणि साडेचार सॅक! आणि नोलन कुठून गेला सोळावा? आमच्याकडून नाही, ओल मिस या दुसऱ्या कॉलेजातून. तिथे एक वर्ष खेळला आणि ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या निवडक संघात. ओव्हर्टन अलाबामाला, लुकस यूएससीला. बी आमचं, पीक लोकांच्या शेतात.

गप्प गणपा

नाना चिडले. 😄

अटलांटाकर

एकटी सॅक मोजू नका हो. जॉर्डन डेव्हिसचं कामच दोन जणांना अंगावर घेऊन उभं राहायचं होतं, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणारा लाइनबॅकर नाकोबे डीन मोकळा सुटायचा. त्या वर्षी आउटलँड आणि बेडनारिक पुरस्कार डेव्हिसला, बटकस पुरस्कार डीनला. सॅकच्या रकान्यात डेव्हिस शोधायला गेलात तर सापडणारच नाही.

कॉलेज स्टेशनचा नाना

मान्य. पण दोन जणांना अंगावर घेऊन जागचं न हलणं हे शिकवावं लागतं. कुठलंच अठरा वर्षांचं पोर स्वतःहून तसं उभं राहत नाही. प्रत्येकाला सॅकच हवी असते, टीव्हीवर तीच दिसते.

लाल माती

ताई, त्या घोट्यावाल्या पोराचं पुढे काय झालं?

ओहायोची फिजिओ

गेला. बाकावरचे राखीव म्हणाले तस्संच. १२६ किलोचा झाला होता. तिसऱ्या वर्षी मोठ्या कॉलेजानं नेला. जाताना रात्री दहाचं सँडविच हातात धरून आमच्या ऑफिसात फोटो काढला.

मागच्या मोसमात एका शनिवारी टीव्हीवर दिसला. समोरच्या रांगेतल्या गार्डला असा खालून धरला की तो मागे मागे जात क्वार्टरबॅकवरच पडला. कॉमेंटेटर म्हणाला, हे शिकवून येत नाही, पोरगा जन्मजात आहे. मी सोफ्यावर बसून डावा घोटा बघत होते. टाच टेकलेली होती.

कॉलेज स्टेशनचा नाना

तारे किती होते त्याला?

ओहायोची फिजिओ

दोन.

कॉलेज स्टेशनचा नाना

बघा!

अटलांटाकर

आणि उंची?

ओहायोची फिजिओ

सहा फूट चार.

अटलांटाकर

बघा!