मदत हवी आहे: एसएसडीआय चालू असताना पुन्हा नोकरी, बीपीक्यूवाय आणि कमाईच्या नोंदीतला घोळ

शेवग्याची_शेंग
अमेरिकेतल्या जाणकारांसाठी प्रश्न. वहिनींचं (एडिसन, न्यू जर्सी) शेवटचं काम डिसेंबर २०२२, एसएसडीआय (सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता) जून २०२३ पासून. आता अर्धवेळ कामाची ऑफर आहे, महिना १,४०० डॉलर ग्रॉस, पगार दर दोन आठवड्यांनी. समुपदेशक म्हणतात आधी बीपीक्यूवाय (लाभ आणि कामाच्या नोंदींचा सोशल सिक्युरिटीकडचा गोषवारा) आणा. सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन खात्यात कमाईची नोंद पाहिली तर २०१४-१५ (ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणारी कामाची परवानगी) शून्य, २०१८ कोरं (त्याच वर्षी लग्नानंतर नाव बदललं) आणि काम नसताना २०२३ मध्ये कमाई! दुरुस्ती कशाची करायची? बीपीक्यूवाय कसा मागवायचा? १,४०० मुळे पैसे बंद होतील का?

डब्ल्यूटू_बाबा
२०१४-१५ सोडून द्या. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी कर कापत नाहीत, त्यामुळे तिथे शून्यच बरोबर. (भारतातली पीएफची वर्षंही धरत नाहीत, दोन देशांत तसा करारच नाही.)

२०१८ ची मात्र दुरुस्ती करा. डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) वर एक नाव आणि सोशल सिक्युरिटीकडे दुसरं असलं की ती कमाई कुणाच्याच खात्यात न पडता वेगळ्या फाइलमध्ये अडकते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, मग नवऱ्याचं, त्यात आडनावही बदललेलं, त्यामुळे हे बऱ्याचदा होतं. फॉर्म एसएसए-७००८, सोबत त्या वर्षाचा डब्ल्यू-२ आणि नावबदलाचा पुरावा. मुदत असते ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवस, म्हणजे २०१८ साठी ती उलटून गेली. पण अपवाद आहेत, आणि मालकाच्या अहवालातून कमाई गळणं हा त्यातला एक. डब्ल्यू-२ हरवला असेल तर आयआरएसच्या (कर विभागाच्या) ऑनलाइन खात्यातून वेज अँड इन्कम ट्रान्स्क्रिप्ट फुकट काढा. त्यावर कंपनीचं नाव अर्धवट दिसतं, रक्कम पूर्ण दिसते.

घाटावरचा_गणपुले
२०२३ चा आकडा बहुधा विमा कंपनीकडून आलेला सिक पे (आजारपणाचे पैसे) असणार. काम सुटल्यावरचे पहिले सहा महिने त्यावर हा कर कापतात, म्हणून तो नोंदीत दिसतो. त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ चा १३ नंबरचा चौकोन बघा, 'थर्ड-पार्टी सिक पे'वर खूण आहे का. हे दुरुस्त करायचं नाही, कारण आकडा खरा आहे. पण सोशल सिक्युरिटी कार्यालयाला तो 'काम केलं' असा वाटू शकतो आणि कामाची माहिती विचारणारा एसएसए-८२१ फॉर्म घरी येतो. तेव्हा 'सिक पे, कामाचा मोबदला नाही' असं लिहून डब्ल्यू-२ आणि विमा कंपनीचं पत्र जोडायचं. फॉर्म टेबलावर पडून राहू देऊ नका.

आता १,४००. २०२५ चे आकडे असे होते: ट्रायल वर्कचा (भत्ता चालू ठेवून काम करून बघण्याचा) महिना १,१६० च्या वर, एसजीए (ज्याच्या वरची कमाई 'भरीव काम' धरतात ती मर्यादा) १,६२० (दृष्टिहीनांना २,७००). म्हणजे प्रत्येक महिना ट्रायल वर्कमध्ये जाईल. असे ६० महिन्यांच्या खिडकीत ९ झाले की तो काळ संपतो. तोवर पूर्ण पैसे मिळतात. पुढचे ३६ महिने एसजीएच्या वर गेलात तरच अडचण, आणि १,४०० त्याच्या खाली आहे. हातात येणारा पगार नाही, ग्रॉस धरतात.

खरी मेख पगाराच्या तारखांत आहे. २६ पगारांच्या हिशोबाने एक चेक साधारण ६४६ डॉलरचा. ज्या महिन्यात तीन चेक येतात त्यात १,९३८ दिसतात, म्हणजे एसजीएच्या वर. पे-पिरियडच्या तारखा असलेल्या स्लिपा नसतील तर पैसे मिळालेला महिनाच धरला जाऊ शकतो. स्लिपा दर महिन्याला द्या आणि पावती मागा. ती देणं त्यांना बंधनकारक आहे.

शेवग्याची_शेंग
हे सोन्यासारखं आहे. आणि बीपीक्यूवाय? समुपदेशकांनी दोन संमतिपत्रं सही करायला दिली आहेत, एक पुरे ना?

डब्ल्यूटू_बाबा
पुरणार नाही. वहिनी स्वतः मागणार असतील तर स्थानिक कार्यालयात किंवा १-८००-७७२-१२१३ वर फक्त 'बीपीक्यूवाय हवा' म्हणायचं, पुनश्च कामासाठी तो मोफत. समुपदेशक मागणार असतील तर एसएसए-३२८८ (संमतिपत्र) दोन लागतात: एक लाभ, मेडिकेअर, पुढची वैद्यकीय तपासणी आणि कामाच्या सवलती यांसाठी, दुसरा फक्त कमाईच्या नोंदीसाठी, कारण ती करविषयक माहिती आहे आणि कायदा वेगळा लागतो. 'सर्व माहिती' असं मोघम लिहिलं की परत येतो. दुसरा फॉर्म सहीपासून १२० दिवसांत पोचला पाहिजे. खाडाखोड झाली तर नवाच भरा.

समुपदेशक बदलायचा असेल तर टिकट टू वर्कची (भत्ता घेणाऱ्यांना कामावर परतायला मदत करणाऱ्या योजनेची) हेल्पलाइन १-८६६-९६८-७८४२. प्रशिक्षण हवं तर राज्याची डीव्हीआरएस (व्यावसायिक पुनर्वसन सेवा).

घाटावरचा_गणपुले
बीपीक्यूवाय आला की ट्रायल वर्कचे वापरलेले महिने आधी बघा. कार्यालयाने तपासलेलं कामच त्यात दिसतं, तेव्हा '०' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, स्लिपांशी पडताळा. पहिल्या स्लिपेआधीच वहिनींनी नोकरीची तारीख कळवली तर उत्तम.