उत्तर: सक्तीचा परवाना आणि मालकाचा ‘नाही’

‘सक्तीचा परवाना (मालकाची संमती नसतानाही सरकारने दुसऱ्याला दिलेली उत्पादनाची परवानगी) दिला की पेटंट संपलंच’ हे वरचं म्हणणं पटलं नाही. संपत नाही, मालकाचा ‘नाही’ म्हणायचा हक्क जातो, पैशाचा राहतो. नेक्साव्हारचंच बघा. बायरचं कर्करोगावरचं औषध, महिन्याच्या १२० गोळ्या तेव्हा २,८०,४२८ रुपयांना. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय औषध कंपनीला परवाना दिला, तो त्याच गोळ्या ८,८८० रुपयांत विकायच्या अटीवर. बायरला नॅटकोच्या विक्रीवर ६ टक्के, अपिलात ७ झाले. म्हणजे महिन्याच्या गोळ्यांमागे फार तर सव्वासहाशे रुपये! हा मोबदला बायरने ठरवला नाही, सरकारी टेबलावर ठरला. खरा वाद तिथे आहे.

पण इथे कुणी लिहिलं नाही ते असं, की पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली थेट परवाना मागता येत नाही. पेटंटला तीन वर्षं व्हायला हवीत आणि आधी मालकाशी रीतसर बोलणी करावी लागतात. बीडीआर फार्माने डॅसाटिनिब या कर्करोगावरच्या औषधासाठी अर्ज केला, पण त्याआधी बोलण्यांत मालक कंपनीच्या प्रश्नांना उत्तरं न देता बीडीआरच वर्षभर गप्प बसली होती. २०१३ मध्ये अर्ज तिथेच बाद. दार मागचं असलं तरी आधी पुढची कडी वाजवावीच लागते.