मेल्टडाउन ओसरल्यावर पुढचा तासभर नेमकं काय करायचं? (मोठ्या माणसांसाठी)

खिडकीपाशी विचारतात:

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) असलेल्या लहान मुलांबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. मोठ्यांबद्दल कमी, आणि मेल्टडाउन (आवाज, प्रकाश, ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं) ओसरल्यानंतरच्या वेळेबद्दल तर जवळजवळ नाहीच. प्रसंग असा धरा: रडणं-ओरडणं थांबलंय, पण हात थरथरतायत, डोकं जड आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. घर वन बीएचके, माणसं पाच, महिना मे. अंधारी खोली आणि वजनदार ब्लँकेट हे सल्ले इथे कसे बसवायचे? दीर्घ श्वास घे म्हटलं की काही जणांचं आणखी बिघडतं, ते का? घरच्यांनी काय करावं? "मनाला लावून घेऊ नका" अशी उत्तरं नकोत, कृती सांगा.

निवांत_कोपरा यांचं उत्तर:

आवाज थांबला म्हणजे मेल्टडाउन संपला, ही समजूत आधी सोडायला हवी. ताणात शरीर दोन संप्रेरकं सोडतं: अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत उतरतं, पण कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिगेला पोचतं. म्हणजे बाहेरून माणूस शांत दिसायला लागतो, तेव्हा शरीर आतून अजून पेटलेलंच असतं. अशा वेळी एक प्रश्न, कुकरची एक शिट्टी पुरते आणि दुसरी लाट येते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात फक्त कमी करत जायचं, नवीन काही आणायचं नाही.

ट्यूबलाइट बंद. टीव्हीचा नुसता आवाज बंद करून भागत नाही, पडद्यावरची उघडझाप चालूच राहते, तो पूर्ण बंद करा. गॅसवर कुकर असेल तर पुढच्या शिट्टीआधी गॅस बंद. पंखा मात्र राहू द्या, त्याचा एकसुरी आवाज बहुतेकांना चालतो (खडखडणारा पंखा नाही चालत). वन बीएचकेमध्ये कडी असलेली जागा म्हणजे बाथरूम, पण तिथे आवाज घुमतो आणि फरशी निसरडी असते. त्यापेक्षा कपाट आणि भिंत यांमधली सांद बरी: तोंड भिंतीकडे, डोक्यावरून सुती ओढणी किंवा पातळ चादर. बाथरूमच हवं असेल तर एक्झॉस्ट बंद, गळका नळ घट्ट, दार लोटलेलं पण कडी उघडी.

फोमचे इअरप्लग बहुतेक लोक अर्धवट घालतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. बोळा पातळ वळायचा, विरुद्ध हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. हे चांगल्या दिवशी सराव करून ठेवा, हात थरथरताना जमत नाही.

गार पाण्याचा उपयोग खरा आहे. डोळे, गाल आणि कपाळ गार झालं आणि श्वास क्षणभर रोखला की चेहऱ्याच्या मज्जातंतूवाटे हृदयाचे ठोके मंदावतात. मे महिन्यात नळाचं पाणी कोमट येतं, म्हणून फ्रीजच्या पाण्यात भिजवलेला नॅपकिन, थोडं पुढे वाकून, 15 ते 30 सेकंद. दोन-तीन वेळा पुरे. हृदयविकार असेल, नाडी मुळात मंद असेल, बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारी औषधं) चालू असतील किंवा खाण्याचा विकार असेल तर हे टाळा. आणि ओला स्पर्शच ज्याला सहन होत नाही, त्याच्यावर हे लादू नका.

हळूहळू_खाली यांचं उत्तर:

श्वासाचं बोलते. शरीराच्या आतल्या संवेदना आधीच फार जोरात जाणवत असतील तर "छातीकडे लक्ष दे" म्हणजे आणखी एक आवाज वाढवण्यासारखं आहे. दुसरं कारण अगदी शारीरिक आहे. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. माणूस त्यानेच घाबरतो. खरी गरज श्वास मोठा घेण्याची नाही, सावकाश सोडण्याची आहे. आकडे आवडत असतील तर 4 मोजत घ्या, 6 किंवा 7 मोजत सोडा, 8-10 वेळा. नको असतील तर ओठ मिटून खालच्या पट्टीत गुणगुणा, किंवा बारीक स्ट्रॉने ताक प्या. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि दोन्हींत मोजायचं काही नसतं.

वजनदार ब्लँकेटचं: आपल्या वजनाच्या दहा टक्के हा ढोबळ अंदाज आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 किलो. पण मेमध्ये अख्खं ब्लँकेट म्हणजे घामाचा नवा त्रास. त्यापेक्षा घट्ट विणीच्या दोन उशीच्या अभ्र्यांत प्रत्येकी अडीच-तीन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका आणि बसल्यावर एकेका मांडीवर ठेवा. पाठ पंख्याला मोकळी राहते. चौपदरी घडी घातलेली गोधडीही चालते. छातीवर, मानेवर नको, झोपेत नको, दम्याच्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दाब कोणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी कॉलेजच्या दिवसांत स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं, त्यात दाब किती आणि कधी हे आत असलेल्या माणसालाच ठरवता येत होतं. म्हणूनच तांदळाची पिशवी स्वतः ढकलून देता येते तेव्हा ती शांत करते, आणि मायेने अचानक मारलेली मिठी तेवढ्याच दाबाची असूनही भडका उडवते.

सगळ्यांना स्थिर बसवत नाही. विशेषतः एडीएचडी असेल तर उरलेला जोर कुठेतरी जावा लागतो: पाय भिंतीपासून दोन फूट मागे, तळवे भिंतीवर, 10 सेकंद पूर्ण जोराने ढकला, सोडा, असं पाच वेळा. पायऱ्या धावत चढू नका. छातीतली धडधड पुन्हा भीतीसारखी वाटायला लागते.

दाराबाहेरचा यांचं उत्तर:

घरच्यांसाठी. जवळ एकानेच थांबायचं, तेही बाजूला, समोर नाही. "काय झालं?" आणि "कशामुळे?" हे प्रश्न त्या तासात नकोतच, उत्तर द्यायला लागणारी भाषा तेव्हा जागेवर नसते. "पाणी?" एवढंच विचारा आणि दहा सेकंद खरोखर थांबा. अंगठा वर किंवा खाली, एवढं उत्तर पुरे. पाण्याची बाटली हातात कोंबू नका, हाताच्या अंतरावर ठेवा. "लोक काय म्हणतील" हे वाक्य त्या घरात त्या दिवशी कोणीही उच्चारू नये, ही कळकळीची विनंती.

मोबाइलच्या कव्हरमध्ये एक कार्ड ठेवा: "मला आत्ता बोलता येत नाही. ऐकू येतंय. 30 मिनिटं एकटं राहू द्या. हात लावू नका. टाइप करून उत्तर देईन." घरातल्या सगळ्यांनी ते आधी वाचलेलं हवं.

कोणी भिंतीवर डोकं आपटत असेल तर हात धरून रोखू नका, मध्ये उशी सरकवा. मार जोराचा लागला असेल आणि नंतर उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर लगेच हॉस्पिटल. जीव द्यायची भाषा आली तर एकटं सोडू नका. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली मानस 14416, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर 112.

निवांत_कोपरा:

खाण्याचं राहिलं. तासाभराने ओळखीचं, मऊ, वासाने न बोचणारं: भात-तूप-मेतकूट, दहीभात. खूप घाम आणि रडणं झालं असेल तर लिंबू सरबतात मीठ-साखर. चहा-कॉफी संध्याकाळी नको. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही अंगात राहतो आणि त्या रात्रीची झोपच तर हवी असते.

मेल्टडाउन रोज ठरावीक वेळीच होत असेल तर औषधाची वेळ बघा. एडीएचडीसाठी दिलं जाणारं, कमी वेळ टिकणारं मिथिलफेनिडेट साधारण चार तासांनी उतरतं आणि उतरताना काहींना चिडचिड होते. ही नोंद डॉक्टरांना दाखवा, डोस स्वतः बदलू नका.

कारणांचा शोध दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर. शेवटची ठिणगी लिहू नका, मागचे 24 तास लिहा: किती झोप, शेवटचं जेवण कधी, कोणता बेत ऐनवेळी बदलला, किती पाहुणे, किती वेळ हॉर्न-स्पीकर, पाळीची तारीख. सहा-सात नोंदी झाल्या की कळतं की भांडण चमच्यावरून दिसत असलं तरी ताणाची बादली सकाळपासूनच भरत आली होती.

माफीचं एक. फुटलेली वस्तू, लागलेला शब्द याबद्दल माफी मागा. मेल्टडाउन झाला याबद्दल नको. तो हट्ट नव्हता.

खिडकीपाशी:

खूप आभार. तांदळाच्या पिशव्या आजच शिवते. लोकलमध्ये सुरू झालं तर?

दाराबाहेरचा:

पुढच्या स्टेशनला उतरा, घरी पोचायची घाई सोडा. जिन्याखाली गर्दी असते, म्हणून प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे चाला; पण गाडी ज्या टोकाने आत शिरते तिथे हॉर्न अंगावर येतो, म्हणून दुसरं टोक. भिंतीला पाठ, रुळांपासून लांब, इअरप्लग, टोपी खाली ओढलेली. दोन-तीन गाड्या जाऊ द्या. घरी एकच ठरलेला मेसेज पाठवा, "उतरलोय, ठीक आहे, फोन नको", तो आधीच टाइप करून ठेवलेला असावा.