मदत हवी आहे: सप्टेंबरच्या उकाड्यात एपकॉटचा फूड अँड वाइन फेस्टिव्हल

सप्टेंबरमध्ये ऑरलँडोला जातोय. तिथल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कातल्या फूड अँड वाइन फेस्टिव्हलसाठी एकच दिवस आहे, तारीख बदलता येणार नाही. सोबत ६८ वर्षांची आई. चालते छान, पण बीपीची गोळी लघवी जास्त होणारी आहे. डॉक्टरांना विचारून झालंय: पाणी हवं तेवढं, वाइन आईला बंद.

मागे दुसऱ्या एका पार्कात दुपारी दोनच्या सुमारास तिला गरगरलं होतं. हात गार, कपाळावर घाम, आणि हातातली बशी तशीच कलंडली. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

वर्ल्ड शोकेसचा (एपकॉटमधला देशोदेशींच्या दालनांचा भाग) फेरा साधारण दोन किलोमीटरचा, तळ्याभोवतीचा बराच रस्ता उघडा. तिथले ११ देश एका दमात करायचे नाहीत, हे ठरलंय. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं हे माहीत आहे. टोपी, छत्री, हातपंखा, बाटली घेतोय. व्हीलचेअरला आई तयार नाही, कृपया तो सल्ला नको. हॉटेल लांब, त्यामुळे मध्येच परतणंही जमणार नाही.

दुपारी एक ते चार एसीत काढायचे आहेत. मेक्सिकोचा पिरॅमिड, अमेरिकन अ‍ॅडव्हेंचरचा अर्ध्या तासाचा शो आणि सीज्‌ या दालनातलं मत्स्यालय एवढं डोक्यात आहे. यापैकी कुठे पाठ टेकून तासभर निवांत बसता येतं, कुणी उठवत नाही? आणि चारनंतर सावली आधी कुठे येते, मेक्सिकोच्या बाजूला की कॅनडाच्या?