बडोद्यातील लघुउद्योगांना आयटी सेवा विकताना बोलणी दरापाशीच का थांबतात?

प्रश्न — संगणकसेवा_बडोदा

सप्रेम नमस्कार. मी आणि माझे भागीदार बडोद्यात लघु व मध्यम उद्योगांना आयटी सेवा देतो. सर्व्हर आणि नेटवर्कची देखभाल, डेटाचा बॅकअप, कंपनीच्या नावाची ई-मेल व्यवस्था, फायरवॉल (नेटवर्कमध्ये बाहेरून होणारी घुसखोरी रोखणारी यंत्रणा) आणि गरज असेल तेथे ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन व हिशोब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवून देणे असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. ज्यांच्याकडे आम्ही जातो ते बहुतेक मकरपुरा, वाघोडिया आणि पोर-रमणगामडी येथील जीआयडीसीतले (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींतले) कारखानदार आहेत. कोणी ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग करतात, कोणी व्हॉल्व्ह, कोणी इलेक्ट्रिक पॅनेल.

मालक भेटीची वेळ देतात, डेमो शांतपणे पाहतात, चांगले प्रश्नही विचारतात. मात्र कोटेशन हाती पडले की चर्चा दरावर येते आणि तेथेच थांबते. "टॅलीवर हिशोब चालू आहे, काही बिघडले तर एक मुलगा येऊन दुरुस्त करून जातो आणि त्या भेटीचेच पैसे घेतो, मग दरमहा ठरावीक रक्कम कशासाठी द्यायची?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो आणि तो गैरवाजवी आहे असे मला वाटत नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे की अशा ग्राहकाकडे पहिले काम कोणते मागावे, बोलणे कोणाशी करावे आणि दराची मांडणी कशी असावी.

उत्तर १ — जीआयडीसी_विक्री

आपण उद्धृत केलेला प्रश्न दराचा वाटतो, पण माझ्या मते तो जबाबदारीचा आहे. भेटीमागे पैसे घेणारा मुलगा आल्यावर बिघाड दुरुस्त करतो. बिघाड होऊ नये, किंवा झालाच तर माल अडून राहू नये, याची जबाबदारी त्याने घेतलेली नसते आणि कोणी त्याला ती दिलेलीही नसते. आपल्या कोटेशनमध्ये फायरवॉलचे मॉडेल, क्लाउडची साठवण आणि अँटिव्हायरसच्या लायसन्सची संख्या लिहिलेली असेल, तर मालकाच्या दृष्टीने आपण त्या मुलाचेच महाग रूप ठरता. म्हणून डेमो बाजूला ठेवा आणि पहिल्या भेटीत कारखान्यातील एका ऑर्डरचा प्रवास समजून घ्या: पर्चेस ऑर्डर कोणाच्या ई-मेलवर येते, बिल कोण करते, गाडी कोणत्या कागदावर सुटते आणि पैसे आल्याची नोंद कोठे होते. हा प्रवास मालकापेक्षा अकाउंटंट आणि डिस्पॅच पाहणारा माणूस अधिक नेमका सांगतो.

ई-इनव्हॉइसचे, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलाचे उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून, २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली आहे, त्यांना व्यवसायांना द्यायच्या बिलांसाठी तो लागू झाला. ज्याला तो लागू आहे त्याने आयआरएन (पोर्टलकडून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक) न घेता दिलेले बिल जीएसटीच्या नियमांनुसार बिल मानले जात नाही, त्यामुळे मोठा खरेदीदार ते स्वीकारत नाही. शिवाय आयआरएन एकदा निघाला की पोर्टलवर तो २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की संध्याकाळी गाडी भरलेली असताना इंटरनेट बंद पडले किंवा बिलाचा संगणक सुरू झाला नाही, तर तो केवळ कार्यालयाचा खोळंबा राहत नाही, माल दारात उभा राहतो. ज्या मालकाला फायरवॉलमध्ये रस नसतो तो इंटरनेटच्या दुसऱ्या जोडणीबद्दल, बिलाच्या संगणकाला बदली संगणक तयार ठेवण्याबद्दल आणि यूपीएसच्या बॅटरीबद्दल लगेच बोलू लागतो, कारण आता हे सारे त्याच्या उत्पादनाच्या साखळीतच आलेले असते.

दुसरी जागा जॉबवर्कची, म्हणजे आपल्या मालावर बाहेरून प्रक्रिया करून घेण्याची आहे आणि आपल्या भागात ती फार मोठी आहे. प्लेटिंग, गॅल्वनायझिंग, मशीनिंग यांसाठी माल चलनावर (मालासोबत पाठवायच्या कागदावर) बाहेर जातो आणि त्याचा हिशोब पुष्कळ ठिकाणी अजून वहीत किंवा एखाद्या एक्सेलच्या फाइलीत असतो. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, किंवा तेथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरून कर आणि व्याज लागू होऊ शकते. कोणत्या चलनावरचा किती माल कोणाकडे किती महिने पडून आहे, एवढे एकच पान दररोज सकाळी दाखवणारी व्यवस्था आपण उभी करून दिली, तर तिचे मोल मालकाला समजावून सांगावे लागत नाही. संपूर्ण ईआरपीचा विषय त्यानंतर काढावा, आणि तोही त्यांनी विचारल्यास.

पहिले काम म्हणून मी नेहमी सशुल्क पाहणी सुचवतो. फुकट पाहणीचा अहवाल टेबलावर पडून राहतो. थोडे पैसे दिलेल्या अहवालावर मालक स्वतः चर्चा करतो. या पाहणीचा गाभा एकच असावा: त्यांच्याकडे असलेला बॅकअप एका वेगळ्या संगणकावर त्यांच्यासमोर उघडून दाखवणे. बॅकअप "रोज होतो" असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु तो त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा कायम जोडलेल्या पेन ड्राइव्हवर असेल, तर रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) मूळ फाइलींबरोबर तोही कुलूपबंद करते. बॅकअप उघडला तर आपण प्रामाणिक आहात हे कळते. उघडला नाही तर पुढचे काम कोणते हे ठरवण्यासाठी विक्रीच्या भाषणाची गरज राहत नाही.

उत्तर २ — कारखानदार_वाघोडिया

मी खरेदी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून आम्ही का थांबतो ते सरळ लिहितो. आम्हाला दरापेक्षा अधिक भीती अडकून पडण्याची वाटते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात ईआरपी बसले, उद्घाटनाचे पेढे वाटले गेले, आणि काही महिन्यांनी स्टोअरमधील माणूस पुन्हा रजिस्टर भरू लागला, कारण माल आल्यावर नोंद करायला त्याच्याजवळ ना संगणक होता ना वेळ. सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता. नोंद कोण करणार, कधी करणार आणि तो रजेवर असेल तर कोण करणार, हे विक्री करणाऱ्याने विचारलेच नव्हते. जो विक्रेता हे पहिल्याच भेटीत विचारतो, त्याच्याशी मी पुढे बोलतो.

दुसरी गोष्ट यंत्रांच्या संगणकांची. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे सध्या प्रत्येक जण "सर्व संगणक बदला" असा प्रस्ताव घेऊन येतो. कार्यालयातील संगणकांबाबत ते पटते. पण आमच्या काही यंत्रांना आणि चाचणीच्या उपकरणांना जोडलेले संगणक त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरसह आले आहेत, आणि ते बदलले तर यंत्रच बंद पडेल. ज्याने असे संगणक इंटरनेटपासून तोडून वेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याचा आणि त्यांच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवण्याचा सल्ला दिला, त्याने आमचा खर्च वाचवला. पुढे कार्यालयाचे काम आम्ही त्यालाच दिले.

कोटेशन दोन पानांच्या आत असावे. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) काय समाविष्ट नाही, हे समाविष्ट असलेल्या गोष्टींइतक्याच स्पष्टपणे लिहावे. सुटे भाग कोणाच्या खर्चाने, शनिवारी संध्याकाळी फोन केला तर किती वेळात माणूस येणार, रविवारी येणार की नाही. आणि निर्णय एकटे शेठ घेतात असे समजू नका. बहुतेक कारखान्यांत भाऊ, मुलगा आणि सीए यांचे मत घेतल्याशिवाय होकार येत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीत त्यांपैकी एक जण तरी समोर असेल असे पाहा.

उत्तर ३ — सीए_दांडियाबाजार

वर माझ्या व्यवसायाचा उल्लेख आला म्हणून दोन बाबी मांडतो.

विक्री करताना कायद्याचा धाक चुकीचा दाखवू नये. १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल असावा, हा नियम कंपनी कायद्याखालील आहे आणि म्हणून तो कंपन्यांना लागू आहे. मकरपुऱ्यातील कितीतरी कारखाने भागीदारी किंवा मालकी स्वरूपाचे आहेत. त्यांना "हे नाही घेतले तर दंड होईल" असे सांगणारे विक्रेते येतात, मालक मला फोन करतात, आणि मी खरे सांगितल्यावर त्या विक्रेत्याचे उरलेले सर्व बोलणेही त्यांच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. याउलट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हा नियम जरूर सांगावा आणि त्याबरोबर हेही सांगावे की हिशोब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवत असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज असावा लागतो. अशा सल्ल्याला मी स्वतः दुजोरा देतो. आम्हाला कमिशन मात्र देऊ करू नका. अशील माझे मत विचारतात ते माझा त्यात पैशाचा संबंध नाही म्हणूनच.

दुसरी बाब आपल्या वसुलीची. आपली उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या सेवेचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात घातलेल्या ४३बी(एच) या तरतुदीनुसार मुदत टळली, तर ग्राहकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो. ही तरतूद व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला लागू होत नाही, त्यामुळे संगणक व सर्व्हरची विक्री आणि सेवा यांची बिले स्वतंत्र ठेवावीत. मोठी खरेदी ग्राहकाने थेट वितरकाकडून करावी आणि आपण फक्त सेवेचे पैसे घ्यावेत, असे मला अधिक योग्य वाटते. आपले भांडवल अडकत नाही आणि दराच्या तुलनेत वस्तू व सेवा यांची सरमिसळ होत नाही.

प्रश्नकर्ता — संगणकसेवा_बडोदा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सशुल्क पाहणी आणि बिलाच्या संगणकाची हमी यांपासून सुरुवात करण्याचे आम्ही ठरवत आहोत. अडकून पडण्याच्या भीतीविषयी विचारतो: ती दूर करण्यासाठी करारात नेमके काय लिहावे?

उत्तर ४ — जीआयडीसी_विक्री

डोमेन (कंपनीचा इंटरनेटवरील नाव-पत्ता) ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच ई-मेलवर नोंदवलेले असेल, हे पहिले कलम. सर्व्हर, राउटर, फायरवॉल आणि ई-मेल यांचे मुख्य पासवर्ड, तसेच बॅकअप उघडण्याची कूटकिल्ली बंद पाकिटात मालकाकडे राहील आणि प्रत्येक बदलानंतर पाकीट नवे दिले जाईल, हे दुसरे. सॉफ्टवेअरची लायसन्से ग्राहकाच्या नावे घ्यावीत. कोणी विनापरवाना प्रत बसवून मागितली तर नकार द्यावा, कारण कॉपीराइट कायद्यात अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आहे आणि ती मालकाच्या अंगावर येते. शेवटी, एका महिन्याच्या लेखी सूचनेवर करार संपवता येईल आणि त्या महिन्यात नव्या सेवादात्याला सर्व माहिती समजावून देण्याचे काम आपणच त्याच दरात कराल, असे लिहावे. मी हे कलम मालकांना कोटेशन देण्याआधी वाचून दाखवतो.