१२ वर्षांत पगार जवळजवळ दुप्पट झाला तरी परवडत काहीच नाही, असं का होतंय?

चाकणचा_क्यूसी

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, कंपनीचं नाव नको. जानेवारी २०१३ ला लागलो तेव्हा हातात ११,५०० यायचे, आता जून २०२५ ला २१,००० येतात. कागदावर दुप्पट होत आलाय. पण तेव्हा मी खोलीभाडं, मेस, पेट्रोल भागवून गावी आईला तीन हजार पाठवायचो आणि पोस्टात पाचशेची आरडी पण चालू होती. आता २० तारीख उलटली की उसनवारी सुरू. लग्न झालं, पोरगी शाळेत जाते, खर्च वाढला हे मान्य, पण परवा रात्री बसून फक्त माझ्या एकट्याचा तेव्हाचा खर्च आजच्या भावानं मांडला तरी तेवढे उरत नाहीत.

आमच्या लाईनवर तेव्हा शिफ्टला ९०० पीस निघायचे, आता १,६०० निघतात आणि माणसं तेव्हापेक्षा कमी आहेत, दोन रोबो आलेत. मालकाचा दुसरा प्लांट उभा राहतोय, चांगलंच आहे, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण एवढा माल वाढला तर त्यातला आमच्याकडं काहीच कसं येत नाही? एचआरला विचारलं तर म्हणतात "मार्केट रेट हाच आहे". हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा, हा मार्केट रेट ठरवतं कोण?

आकडेमोड_नाशिक

दादा, हे फक्त तुझं नाही, देशाचे आकडे पण हेच सांगतात. महागाई वजा करून जो पगार उरतो तो वास्तविक पगार, तोच बघायचा. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे की नियमित पगारावर असणाऱ्या पुरुषांची महिन्याची वास्तविक कमाई २०१७-१८ ला १२,६६५ रुपये होती ती २०२३-२४ ला ११,८५८ वर आली, म्हणजे वाढ तर सोडाच, ६ टक्क्यांच्या वर घट. बायकांची तर त्याहून जास्त घटली. आणि त्याच अहवालात पुढं असंही आहे की २०२३-२४ ला मोठ्या कंपन्यांचा नफा २२ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या मात्र दीडच टक्का वाढल्या. देशाच्या उत्पन्नात मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचा वाटा १५ वर्षांतला सगळ्यात जास्त. तू विचारतोस पैसा जातो कुठं, तर त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

आता का होतं ते. माझ्या मते याची सुरुवात २०१२ च्या आसपास होते. २००४ ते २०१२ मध्ये बांधकाम जोरात होतं, बांधकामावरची माणसं जवळजवळ दुप्पट झाली, हायवे, टाऊनशिप, सगळीकडं गवंडी मिळेना. गावातून माणूस शहरात गेला, मागं राहिलेल्याला शेतावर जास्त मजुरी द्यावी लागली आणि पगार सगळीकडंच वर सरकले. मग कंपन्यांनी काढलेली कर्जं थकली, बँका अडकल्या, मार्च २०१८ ला बुडीत कर्जं एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांच्या वर गेली होती. नवीन कारखाने, नवीन बांधकामं थंडावली. त्यात २०१६ ची नोटबंदी, २०१७ ला घाईत आलेला जीएसटी, मग २०२० चा लॉकडाऊन. तिन्ही वेळा सगळ्यात आधी बसले ते छोटे धंदे, आणि आपल्याकडं जास्तीत जास्त माणसं तिथंच कामाला असतात. माणसाला मागणी नाही तर भाव कसा मिळणार.

सातबारा

औश्याहून लिहितोय. तुमचे आकडे असतील बरोबर पण इकडं उलटं आहे. मजूर मिळत नाही. २०१३ ला बाईमाणसाला रोज १२० होता, आता ३०० देऊन पण गाडी पाठवावी लागते आणायला. सोयाबीन काढायचं तर एकरी ठेक्यावरच, त्यात टोळीवाला म्हणेल तो भाव. मग मजुरी वाढली नाही असं कसं म्हणता?

आणि मी तरी देणार कुठून. २०१३-१४ ला सोयाबीन साडेतीन हजाराच्या पुढं विकलं होतं. मागच्या दिवाळीला म्हणजे २०२४ ला ४,१०० नी गेलं, हमीभाव होता ४,८९२. दहा वर्षांत क्विंटलला पाच-सहाशे वाढले. खत, औषध, डिझेल, मजुरी सगळं वाढलं. माझा धाकटा भाऊ याच कारणानं चाकणला गेलाय, ठेकेदाराकडं, तो म्हणतो शेतात बसण्यापेक्षा १४ हजार बरे.

आकडेमोड_नाशिक

सातबारा भाऊ, तुम्ही चुकीचं काहीच बोलत नाही आहात. त्याच अहवालात रोजंदारीवाल्या पुरुषांची वास्तविक कमाई दिवसाला २०३ वरून २४२ वर गेलेली दिसते. अगदी तळाची मजुरी थोडी वर आली, पण नोकरदाराची खाली गेली. पण तुमचं शेवटचं वाक्य आहे ना, तेच चाकणच्या दादाच्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर माफ करा.

आर्थर लुईस नावाचे अर्थतज्ज्ञ होते, १९७९ ला त्यांना नोबेल मिळालं. १९५४ ला त्यांनी मांडलं होतं की ज्या देशात शेतीवर गरजेपेक्षा खूप जास्त माणसं आहेत तिथं कारखान्यातला पगार हा कारखान्यात किती पीस निघतात त्यावर ठरत नाही, तो शेतात माणसाचं कसंबसं जे भागतं त्याच्या थोडा वर ठरतो. कारण तेवढ्यावर यायला माणूस तयार असतो, एक गेला तर दुसरा गेटवर उभा. जोपर्यंत शेतीवरची जादा माणसं संपत नाहीत तोपर्यंत मशीन कितीही सुधारलं तरी वाढलेला माल नफ्यात जातो. म्हणजे तुझा मार्केट रेट एचआर ठरवत नाही, औश्यातल्या सोयाबीनचा भाव ठरवतो. भाऊला वावरात वर्षाकाठी काही सुटत नाही म्हणून त्याला १४ हजार बरे वाटतात, आणि तो १४ ला तयार आहे म्हणून तुला २१ च्या वर कुणी द्यायला तयार नाही.

चीनमध्ये, कोरियात ही जादा माणसं कारखान्यांनी ओढून घेतली आणि मग पगार चढले. आपल्याकडं २०१८-१९ ला ४२.५ टक्के कामकरी माणसं शेतीवर होती, २०२३-२४ ला ४६ टक्के. वाढली! लॉकडाऊनमध्ये पायी गेलेली माणसं आठवा, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत, आणि जी आली ती ठेकेदार देईल त्यावर आली. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३ टक्के होतं ते २०२३-२४ ला ४१ च्या वर गेलं, पण त्यातल्या बऱ्याच जणी घरच्याच शेतात, घरच्याच दुकानात, हातात दमडी न पडता राबतायत.

एचआर_वाली_पुणे

मी एचआरमध्येच आहे त्यामुळं थोडी दुसरी बाजू. पगार न वाढण्याचं मोठं कारण स्किल आहे. आयटीआय झालेल्या दहा मुलांचा इंटरव्ह्यू घेतला तर मायक्रोमीटर नीट वाचणारी तीन निघतात. मशीन बदलली, माणूस तोच. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला आम्ही लगेच ३० च्या पुढं देतो कारण तो मिळत नाही. चाकणच्या दादांनी एखादा कोर्स केला तर त्यांना फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

बेंचवरचा

ताई, एका माणसाला फरक पडेल, पण सगळ्यांनी कोर्स केला तर? माझ्या क्षेत्राचं सांगतो. आयटीत २०१० च्या सुमारास कॉलेजमधून उचललेल्या फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे, आज पण मोठ्या कंपन्यांचं साधं पॅकेज साडेतीनच्या आसपासच आहे. मधल्या काळात महागाई दुपटीच्या वर गेली. ही सगळी इंजिनियर झालेली पोरं आहेत, इंग्रजी येतं, कोडिंग येतं. मग पगार का अडकला? दरवर्षी लाखो पोरं तीच डिग्री घेऊन त्याच दारात उभी राहतात म्हणून. आईबापांनी शेत विकून फी भरलेली असते हो. स्किल पाहिजेच, पण रांग तेवढीच लांब राहिली तर स्किलवाल्यांची रांग लागते एवढंच होतं.

गेटमीटिंग

तिशी-पस्तिशीतली मंडळी आहात, मी रिटायर्ड आहे, ३१ वर्षं पिंपरीला एका कारखान्यात होतो त्यातली १४ युनियनच्या कमिटीवर. आकडेमोड यांनी मागणी-पुरवठा छान सांगितला पण एक गोष्ट राहिली. रांग तर आमच्या वेळेस पण होती. १९८५ ला पण गेटवर शंभर पोरं उभी असायची, तरी आमचा पगार दर तीन वर्षांच्या करारात वाढायचा आणि महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता, भाव चढले की भत्ता आपोआप चढायचा, कुणाच्या पाया पडायला लागत नव्हतं. का? तर परमनंट माणसाला काढता येत नव्हतं आणि सगळे युनियनच्या एकाच कराराखाली होते.

ते कसं मोडलं ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरला. त्यानंतर मालक लोकांना कळलं की काम बाहेर काढता येतं, गिरणीतला माग भिवंडीला नेता येतो. मग आला ठेकेदार. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, बारमाही कामावर कंत्राट बंद करायची तरतूद त्यात होती. पण २००१ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट बंद झालं तरी कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. त्या दिवशी आमच्या कमिटीच्या खोलीत कुणी चहा घेतला नाही, मला अजून आठवतंय. २००० च्या आसपास देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत शंभरात वीसेक कामगार ठेकेदाराचे होते, आता चाळीसच्या वर आहेत.

तुमच्याच कंपनीत मोज बाळा. परमनंट किती, ठेकेदाराचे किती, ट्रेनी किती. मधे ती नीम योजना होती २०१३ पासून, शिकाऊ म्हणून पोरं आणायची, लाईनवर पूर्ण काम करून घ्यायचं, पीएफ नाही काही नाही, ती नंतर बंद केली पण नाव बदलून शिकाऊ चालूच आहेत. आणि ब्रेक तर माहितीच आहे, २४० दिवस भरले की कायद्याचं संरक्षण लागू होतं, म्हणून ते भरायच्या आत घरी पाठवायचं, महिनाभरानं दुसऱ्या नावानं परत. अशा लाईनवर दहा माणसं एकच काम करतात आणि त्यांचे पगार चार प्रकारचे असतात. परमनंटनं तोंड उघडलं तर त्याला शेजारचा १४ हजारवाला दाखवतात. शेजारच्यानं उघडलं तर उद्या गेटपास बंद.

एक आकडा मी कमिटीत असताना पाठ केला होता. १९८० च्या सुरुवातीला कारखान्यात तयार होणाऱ्या निव्वळ मूल्यातला, म्हणजे कच्चा माल, वीज, मशीनची झीज वजा करून जे उरतं त्यातला, जवळजवळ ३० टक्के वाटा कामगारांच्या मजुरीत जायचा. २००७-०८ पर्यंत तो दहा-बारावर आला. नंतर थोडा वर सरकला पण कुठं तीस आणि कुठं हे. तुमचे ९०० चे १,६०० पीस झाले ते या फरकात गेले.

गुरुजी_सांगोला

मी झेडपी शाळेत शिक्षक. मागं वळून बघितलं तर आमचा पगार महागाईच्या मागं पडला नाही, कारण आम्हाला काकांनी सांगितलेला तो भत्ता अजून आहे. केंद्राचा सातवा आयोग जानेवारी २०१६ पासून, तेव्हा भत्ता शून्यावर आणला, जानेवारी २०२४ ला तो ५० टक्क्यांवर पोचला आणि मागोमाग राज्यात पण. आमच्यात काही विशेष आहे असं नाही, फक्त सूत्र लिहून ठेवलेलं आहे. माझ्याच शाळेत कंत्राटी म्हणून आलेले सर आहेत, तेच वर्ग, तीच मुलं, त्यांना तो भत्ता नाही. रोज डबा एकत्र खातो आम्ही, मला फार वाईट वाटतं.

बाकी पीएफचं पण बघा, सक्तीच्या पीएफची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ ला १५,००० केली ती ११ वर्षं तिथंच आहे. आणि राष्ट्रीय पायाभूत किमान वेतन २०१७ ला दिवसाला १७६ केलं होतं, २०१९ ला दोन रुपये वाढवले. दोन रुपये!

चाकणचा_क्यूसी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं.

काका, मोजलं. आमच्या शॉपला ११२ माणसं, परमनंट ३१, बाकी ठेकेदाराचे आणि शिकाऊ. मी लागलो तेव्हा परमनंट ७० च्या आसपास होते. रोज त्यांच्यातच उभा असतो पण असं मोजून कधी बघितलं नव्हतं. सातबारा भाऊ, तुमच्या भावासारखी बरीच पोरं आहेत इथं, लातूर-धाराशिवची. आतापर्यंत खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा की हे कमी पैशात येतात म्हणून आमचं अडतं. आता तसं वाटत नाही.

एक विचारायचं होतं, ऑक्टोबरला आमचा करार संपतोय. मागणीपत्रात महागाईचा आकडा टाकायचा तर तो कुठला धरायचा? टीव्हीवरचा की दुसरा काही असतो?

गेटमीटिंग

टीव्हीवरचा नको. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक धरायचा, शिमल्याचं लेबर ब्युरो दर महिन्याला काढतं, पुण्याचा वेगळा पण असतो. जुना २००१ पायाचा (म्हणजे २००१ चे भाव १०० धरलेला) आणि नवीन २०१६ पायाचा जोडायला जुन्याला २.८८ नी भागायचं. देशाचा जानेवारी २०१३ चा जुन्या पायावर २२१ होता, जून २०२५ चा नवीन पायावर १४५. आणि नुसती रक्कम मागू नका, रक्कम तीन वर्षांत विरते, निर्देशांक चढेल तसे प्रत्येक अंकामागं किती रुपये ते लिहून घ्या. ठेकेदाराच्या पोरांसाठी पण एक कलम टाका, समान कामाला समान दाम. ते मालक शेवटी खोडायला लावेल, तरी टाका, ती पोरं बघत असतात.

चाकणचा_क्यूसी

आत्ता जेवण झाल्यावर केलं. २२१ भागिले २.८८ म्हणजे ७६.७. १४५ भागिले ७६.७ म्हणजे १.८९. माझे ११,५०० गुणिले १.८९ केले की २१,७३० च्या आसपास येतात. म्हणजे २०१३ ला नवीन पोरगा म्हणून जिथं उभा होतो तिथंच राहायला मला २१,७३० पाहिजेत आणि मिळतात २१,०००. बारा वर्षांचा अनुभव, तीन वेळा बेस्ट ऑपरेटरचं सर्टिफिकेट, आणि सातशे तीस रुपये मागे.

उद्या सेकंड शिफ्ट आहे, सुट्टीत कॅन्टीनला बाकीच्यांच्या पण २०१३-१४ च्या स्लिपा मागवल्यात. ठेकेदाराच्या दोन पोरांनी पण आणतो म्हणून सांगितलंय.